टेपला साजणारे स्पीकर

"नकोत हे. फार शहाणे आहेत," असं म्हणून माझ्या नवऱ्यानं दुकानातल्या सगळ्यात महागड्या स्पीकरच्या डोक्यावर टपली मारली.

दुकानदार हेर्लेकर म्हणून होते. सोनेरी काडीचा चष्मा, इस्त्रीचा शर्ट. कोल्हापुरात चांगले स्पीकर घ्यायचे तर त्यांच्याकडेच, असं तेव्हा सगळे म्हणायचे. टपली त्यांना स्वतःला बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"शहाणे म्हणजे काय हो, साहेब? यात गवय्यानं श्वास घेतलेला ऐकू येतो."

"तेच नको झालंय. आमच्या घरी असलेच आहेत, श्वास ऐकवणारे. ही टेप लावली की पत्र्यावर खडे पडल्यागत वाजतंय. मला असे द्या, जे रद्दी माल गोड करून वाजवतील."

"मग टेप बदला की ओ. स्पीकर कशाला बदलताय?"

"ही टेप बदलायची नाही. हिच्यासाठीच स्पीकर घ्यायचेत."

मी दुकानाच्या पायरीवर, बाहेरच्या अंगाला उभी होते. रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात मला बरं वाटत होतं. आमच्या जैनांच्यात काही माणसं रोज सकाळी नियम घेतात. आज किती पदार्थ खाईन, किती वाहनांत बसेन, किती फुलं, किती गाणी. माझे वडील घ्यायचे, मीही घेते. त्या दिवशी मी एकच गाणं ठेवलं होतं. ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे खरं, पण दुकानात बसून मन आवरायला मी काही मोठी साध्वी नव्हते. म्हणून पायरी बरी.

"वहिनी बाहेर का? आत या, पंखा आहे," हेर्लेकर म्हणाले.

"राहू दे त्यांना. त्यांचं रेशन दुकान आहे," आमचे हे मोठ्यानं म्हणाले. "आज माणशी एक गाणं. संपलं की शटर खाली."

दुकानातला नोकर फिस्सकन हसला. मी पदर सारखा केला.

"मग त्यांना आणलंत कशाला?"

"कान आहे ना तिला. जयसिंगपूरच्या मंदिरातल्या उपाध्यांची पोरगी. पेटीवर वाढलीय. मला आपलं गोड वाजतंय एवढंच कळतं. ती सांगेल नक्की कुठले." एवढं कौतुक करून लगेच पुढे, "बाकी कशाला नाही, तर कानाला तरी उपयोग."

ते खरं होतं. मला गाता येत नाही, पण सूर हलला की दाताखाली वाळू आल्यासारखं होतं. 

आतून हेर्लेकरांनी विचारलं, "पण आहे तरी काय या टेपमध्ये?"

"आमचा बँड. सांगलीला कॉलेजात होतो तेव्हाचा. रॉक. मी बेस गिटार, धाकटा भाऊ शीतल गायला, उल्हास गिटारवर, नझीर मुल्ला ड्रमवर. मैदानावर मोठी स्पर्धा होती. कुणीतरी स्टेजच्या कोपऱ्यात टेपरेकॉर्डर ठेवून भरलंय."

"जिंकला काय?"

"जिंकतोय कसला! शेवटच्या कडव्याला आमचा भाऊ बेसूर झाला. साफ सुटला. पोरांनी स्टेजवर चपला फेकल्या."

"आणि अशी टेप तुम्हाला गोड करून ऐकायचीय?"

"मला नाही. चार माणसांना ऐकवायचीय."

हेर्लेकरांना कळलं नाही. मला कळलं होतं, कारण येताना गाडीत तेच बोलणं झालं होतं.

सासूबाईंच्या रोहिणी व्रताचं उद्यापन शनिवार-रविवारी होतं. पुष्कळ वर्षं त्यांनी ते उपवास केले होते, आणि उद्यापनाचा अभिषेक दोन्ही मुलांच्या हातून व्हायचा, असं त्यांनी देवापुढे म्हटलं होतं. अवघड होतं ते. त्या स्पर्धेनंतर शीतल भावजी घर सोडून हुबळीला गेले ते गेलेच. एकदाच आले, मामंजी वारले तेव्हा. तेव्हा ओसरीवर साऱ्या भाऊबंदांसमोर ते बोलून गेले, "दादानं माझं गाणं मारलं." तेवढंच. ह्यांच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. आता तेच भाऊबंद उद्यापनाला येणार होते, नझीरभाई येणार होते, आणि शीतल भावजीही यायचं कबूल झाले होते.

"सगळ्यांसमोर लावतो," गाडीत हे म्हणाले होते. "कुणी कुणाचं मारलं, ते ऐका म्हणावं कानानं. पण आपल्या घरच्या स्पीकरवर कुणी दोन मिनिटं बसायचं नाही. नीट ऐकू आलं पाहिजे."

"नका लावू. ते उठून जातील. आईंचा अभिषेक राहील."

"जाऊ दे."

"त्यांनी इतके उपवास केलेत ओ."

"तू तुझे नियम बघ. माझ्यात पडू नकोस."



दुकानात तासभर त्यांनी एकामागून एक स्पीकर वाजवले. प्रत्येक वेळी मला पायरीवर ह्यांचाच आवाज जास्त यायचा. "हॅ! हे तर डास." "हे बरे, पण गळा बसलेला वाटतोय." "ओ, हे काय, कुकर लावलाय का?" हेर्लेकर आधी चिडले, मग त्यांनाही चव आली असावी. शेवटी ते स्वतःच मागच्या खोलीतून एक जोडी ढकलत घेऊन आले. जुन्या घाटाची, कमरेएवढी उंच, लाकडी, पुढे कापड ताणलेलं.

"हे कुणी घेत नाही आता. वरचा आवाज मऊ करतात, खालचा भरून देतात. खोटं बोलतात, पण गोड बोलतात."

"असलेच पाहिजेत! ये गं आत. आता तुझं ते एक गाणं खर्च कर."

मी आत गेले. खुर्चीवर बसले, डोळे मिटले.

टेप सुरू झाली. आधी मैदानाचा गलका, मग ड्रमचा एक दणका. ही टेप मी घरात तुकड्यातुकड्यानं खूपदा ऐकली होती, पण अशी नाही. घरी ती अंगावर यायची, इथे ती खोलीत येऊन बसली. खरखर मागे सरली. उल्हासच्या गिटारचं किंचाळणं निवळलं. आणि शीतल भावजींचा आवाज आला, विशीतल्या पोराचा. इंग्रजी शब्द, उच्चार आपले सांगलीचे. त्या आवाजात केवढी उमेद होती! त्याच्या खाली, घरी कधीच न आलेला, जाड गोधडीसारखा एक आवाज होता. ह्यांची बेस गिटार.

"ऐकलात? मी! मी ऐकू येतोय!" हे हेर्लेकरांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले.

मध्ये गिटारचा एकट्याचा तुकडा, सोलो म्हणतात तो, झाला. तो संपला, शेवटचं कडवं सुरू झालं, आणि हे नेहमीसारखे सुरू झाले. या जागेला ते बोलल्याशिवाय कधी राहिलेच नाहीत. "आता! आता ऐका. इथून. बघा, सुटला. बघा कसा सुटला! मैदानात हशा. बुडवली सगळी." कडवं संपेपर्यंत ते बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्याच्या खाली गाणं चाललं होतं.

गाणं संपल्यावरही मी थोडा वेळ डोळे उघडले नाहीत.

"काय? झोपलीस काय? बोल की. या टेपला हे चांगले, का मघाचे ते उभे काळे?"

"या टेपला हेच चांगले," मी म्हणाले.

"नक्की?"

"हेच."

"बघा," हे हेर्लेकरांना म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? कान आहे."

शनिवारी दुपारी टेम्पोतून स्पीकर आले. घर पाहुण्यांनी भरलेलं. आत्याबाई, मामा, चुलत सासरे, त्यांच्या लेकीसुना. हे मंडप, आचारी, भटारखाना करत फिरत होते. त्यांनी स्पीकर दिवाणखान्यात लावून घेतले, तारा जोडल्या, मामांच्या समजुतीसाठी एक भजनाची टेप अर्धा मिनिट वाजवली आणि बंद केलं. आपली टेप त्यांनी शर्टाच्या खिशातच ठेवली होती. मी एकदा जवळ जाऊन म्हणाले, "तुम्ही एकटे एकदा लावून ऐका ना. आधी."

"मला पाठ आहे ती," ते म्हणाले.

शीतल भावजी उन्हं कलताना आले. एकटेच. केस कानांजवळ पांढरे, हातात एक लहान बॅग. चप्पल काढून ते आधी सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाई उपवासानं थकल्या होत्या, त्यांनी नुसता त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"आलास?" हे दारातून म्हणाले.

"आईनं बोलावलंय."

"आईनंच. मी नाही."

"म्हणून तर आलो."

"जेवायला बसायचं लवकर, दिवस मावळायच्या आत," सासूबाई दोघांच्या मध्ये म्हणाल्या. "पानं घ्या गं."

"पानं थांबू देत थोडी," हे म्हणाले. "नझीर पण आलाय. सगळे बसा. एक गंमत ऐकवतो."

नझीरभाई आता मिरजेत बॅटरीचं दुकान चालवायचे, पोट सुटलेलं, मेंदी लावलेली दाढी. ते खुशीत खुर्ची ओढून स्पीकरच्या समोर बसले. "काय रे, भरतेश, हेमाडपंती कपाटं कुठून आणलास?"

"ऐक तर."

मैदानाचा गलका सुरू झाला मात्र, शीतल भावजी उभे राहिले. त्यांनी बॅग उचलली.

"बस की," हे म्हणाले. "पळतोस कुठं? मामांच्या समोर बोलला होतास ना, दादानं गाणं मारलं म्हणून? मामा आहेत. आत्या आहे. ऐकू दे त्यांना."

"आईचं उद्यापन आहे उद्या."

"म्हणून काय? खोटं बोलायला मुहूर्त लागत नाही, आणि खरं ऐकायला लागतोय काय?"

शीतल भावजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई त्यांच्या बॅगेकडे बघत राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. भावजी उंबऱ्याशी गेले, आणि तिथेच पाठ करून उभे राहिले.

गाणं चाललं होतं. आत्याबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "आवाज चांगला होता की रे शीतलचा!"

"थांब, आत्या. पुढं ऐक." गिटारचा तुकडा संपत आला. हे उठून उभेच राहिले. "आता! आता बघा—"

"गप रे," नझीरभाई म्हणाले.

हे गप्प बसले. सांगण्यासारखी गोष्ट ही, की त्या जागेला ते पहिल्यांदा गप्प बसले.

कडवं सुरू झालं. संपलं. मैदानातला हशा, शिट्ट्या. नझीरभाई पुढे सरकले होते.

"मागं घे."

"कशाला? ऐकलास ना?"

"मागं घे म्हणतोय." त्यांनी स्वतःच उठून टेप मागे घेतली, आणि स्पीकरच्या कापडाजवळ कान नेऊन बसले. पुन्हा तो तुकडा, पुन्हा कडवं. "अरे," ते हळू म्हणाले. "शीतल सुटलेला नाही. शीतल बरोबर बसलाय. बेसवर बसलाय. बेस कुठं चाललाय हा? भरतेश, तू कुठं चाललायस?"

"काय बोलायलास?"

"सोलो संपल्यावर तू एक घर खाली, अर्धा सूर खाली उतरलायस. आणि तिथंच वाजवत राहिलायस. शेवटपर्यंत. उल्हास वर, तू खाली. शीतल तुझ्यासोबत आलाय." नझीरभाईंनी टेप तिसऱ्यांदा लावली. मामांनाही ऐकू आलं असावं, त्यांनी मान खाली घातली. हे स्पीकरकडे अशा नजरेनं बघत होते, जसं त्यातून कुणी ओळखीचं माणूस बाहेर येतंय.

"मला ऐकू आलं असतं," ते म्हणाले. "एवढी चूक मला ऐकू आली नसती काय? मैदानात कुणाला ऐकू आली नसती?"

उंबऱ्यातून, पाठमोऱ्यानंच शीतल भावजी बोलले. "मैदानात भोंगे होते, दादा. भोंग्यातून बेस जातोय काय? लोकांना माझा गळा गेला आणि उल्हासची गिटार गेली. तुझा अॅम्प्लिफायर माझ्या पायाशी होता. मला तूच ऐकू येत होतास."

"मग मला सोडायचं! उल्हास बरोबर होता तर त्याच्याबरोबर जायचं! तू गाणारा ना?"

"गेलो असतो तर तू एकटा पडला असतास."

हे आवाज चढवून म्हणाले, "उपकार सांगायलास मला? सगळ्यांच्या समोर?"

शीतल भावजी आता वळले. "टेप तू लावलास. मी नाही. आणि सांगायचं तेव्हाच सांगितलं होतं, त्याच संध्याकाळी, या ओसरीवर. तू काय केलास आठवतंय?"

"नाही."

"थोबाडीत मारलास. म्हणालास, बेसूर तो बेसूर, वर माझ्यावर ढकलतोस. बाबा दारात उभे होते. ते तुझ्या बाजूनं बोलले."

"मीही दारात होते," सासूबाई म्हणाल्या. एवढा वेळ त्या भिंतीला टेकून होत्या. "मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही."

आचाऱ्यानं मागल्या दारातून विचारलं, दिवस मावळायला आला, वाढायचं का. हे टेपच्या यंत्राजवळ गेले. त्यांनी टेप बाहेर काढली.

"ती मला दे," शीतल भावजी म्हणाले.

"नाही."

"आता काय करणार तिचं? कुणाला ऐकवणार?"

"माझी आहे."

"ऐकणार आहेस?"

ह्यांनी टेप परत खिशात घातली. "ऐकणार," ते म्हणाले.

"मग ठेव." भावजींनी बॅग खाली ठेवली आणि हात धुवायला मागे गेले.

पंगत बसली. हे आले नाहीत. मी वाढून परत स्वयंपाकघरात आले तर ते चुलीजवळ उभे होते.

"तुला दुकानात ऐकू आलं होतं."

"हो."

"आणि हेच घ्या म्हणालीस."

"तुम्ही विचारलंत, या टेपला चांगले कुठले."

"नवऱ्याची अब्रू काढलीस चार माणसांत. देवाधर्माची बाई!"

"तुम्ही त्यांची काढणार होतात," मी म्हणाले. त्यांच्याशी असं बोलण्याची माझी पहिलीच वेळ. माझा आवाज नेहमीएवढाच होता. "मला वाटलं होतं, घरी आणल्यावर एकदा तरी गप्प बसून ऐकाल. एकट्यानं. तुम्हाला कळलं असतं, तर मग लावलीच नसती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते मागल्या दारानं निघून गेले.

रविवारी अभिषेक झाला. दोघांनी कलश धरले, मध्ये मामांना उभं करून. एकमेकांकडे पाहिलं नाही, पण सासूबाईंना तेवढं पुरलं. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. भावजी दुपारच्या एस.टी.नं हुबळीला गेले. जाताना मला नमस्कार केला, ह्यांना नाही. हे माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. चहा हवा असला तर मोठ्यानं भिंतीला सांगायचे. मी भिंतीच्या वतीनं चहा करायचे.

मला वाटलं होतं, ते स्पीकर विकून टाकतील. त्यांनी ते माडीवरच्या खोलीत नेले.

थंडी सुरू झाली असेल. एका दुपारी मी जप संपवून उठले, तर माडीवर ते गाणं चालू होतं. शेवटच्या कडव्यापर्यंत आलं, थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथंच आलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेले. दार अर्धवट उघडं होतं. ह्यांनी माळ्यावरची जुनी बेस गिटार काढली होती. तारा नव्या घातल्या होत्या. मांडीवर गिटार, मान खाली, बोटं सुजलेली. टेपबरोबर ते वाजवत होते. सोलो संपला, आणि या खेपेला ते खाली उतरले नाहीत. बरोबर घरावर राहिले. अगदी बरोबर, मी ऐकलं.

त्यांनी टेप मागे घेतली आणि पुन्हा बरोबर वाजवलं. पुन्हा मागे घेतली. पुन्हा बरोबर. ते कितीही बरोबर वाजवोत, टेपमधला तो विशीतला पोरगा दर वेळी त्या दुसऱ्या, चुकलेल्या सुराच्याच मागे जात होता.